शालिकरामजींचं पथ्य

लकडगंजात लाकडाची टाल असलेल्या शालिकरामजींचं एकाहत्तर साली पोट बिघडलं. वैद्यांनी महिनाभर मुगाचं पाणी आणि मऊ भात सांगितला. बायकोनं, जयवंताबाईंनी, ते पथ्य त्यांच्या मरणापर्यंत चालवलं. बाकीच्यांसाठी बेसनाच्या पातोड्यांचा झणझणीत रस्सा व्हायचा, तेव्हा शालिकरामजींचं ताट बाहेर ओसरीवर लागायचं. वासानंही त्यांना त्रास होतो, असं बाईंचं म्हणणं.

शेवटच्या दिवशी त्यांनी एवढंच मागितलं, "एक पातोडी दे वं."

"आधी बरे व्हा, मंग देतो," जयवंताबाई म्हणाल्या.

तेरवीला भिवापुरी मिरचीचा तोच रस्सा रांधला. नणंदेनं, इंदुताईंनी, कावळ्यासाठी वाढलेल्या पानात दोन पातोड्या ठेवल्या. जयवंताबाईंनी त्या उचलून परत परातीत टाकल्या आणि पानात मऊ भात, वर मुगाचं पाणी वाढलं.

"काहून वं वहिनी? आजच्या दिवशी तरी..."

"त्याइले सोसत नाही."

कावळा आला, पण पानाला शिवेना. जेवायला आलेली मंडळी मांडवात ताटकळत बसली. शेवटी तो उडाला आणि थेट पातोड्यांच्या परातीवर जाऊन बसला. इंदुताईंनी डोळे पुसत हात जोडले. "खाऊ द्या त्याले. माहा भाऊच आला."

 

जयवंताबाई काठी घेऊन परातीपाशी गेल्या आणि कावळ्याला म्हणाल्या, "चला, उठा तिथून. पोट बिघडन."