थोरलीचं सूप

क्षमानं दोन्ही सुपांची जागा बदलली आणि पदरानं कपाळ पुसलं. मागच्या अंगणात आई नारळ सोलत होती. फाटकाशी थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या मोटारीचा भोंगा वाजला. कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तर मखरातल्या गौरीनं, आणि ती काही आईला सांगायला जाणार नव्हती.

गौरीच्या दिवशी लेकींना माहेरी बोलावून बागिन द्यायचं, ही बेंगळुरातल्या मल्लेश्वरमच्या त्या घराची जुनी रीत. एका सुपात तांदूळ, डाळ, गूळ, बांगड्या आणि लुगडं भरायचं. वर दुसरं सूप पालथं घालून हळदीच्या दोऱ्यानं बांधायचं. लेकीनं ते पदराखाली झाकून न्यायचं आणि सासरच्या देवापुढेच उघडायचं. बाहेरून दोन्ही बागिनं सारखीच. आत काय आहे ते भरणारीला ठाऊक.

क्षमाला मात्र दरवर्षी कळायचंच. तिच्या सुपातून सुती लुगडं निघायचं. मग कुणाच्या तरी मुंजीत अक्का नवंकोरं रेशमी नेसून यायची आणि आपल्या सासूच्या देखत म्हणायची, “आईनं दिलं गं, बागिनात.” क्षमाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

आणि अक्काला काय कमी होतं? भाषावार प्रांतरचनेत राज्य मोठं झालं, बेंगळुरात सरकारी इमारती उठू लागल्या, आणि त्यांना दगड पुरवून अक्काचे सासरे बघता बघता बडे झाले. बंगला झाला, मोटार झाली, स्वयंपाकाला आचारी आला. इकडे क्षमाचा नवरा गुंडो येलहंक्याच्या स्टेशनात खिडकीमागे बसून तिकिटं देत होता. भला माणूस, पण भलेपणाला जरीचे काठ नसतात. परक्यांनी पैशाला मान दिला तर समजू शकतं. जन्म दिलेल्या आईनंही द्यावा? हेच तिला रात्रंदिवस खात होतं.

यंदा ती आदल्या दिवशीच मदतीला आली होती. दाराच्या फटीतून तिनं पाहिलं. उजवीकडच्या सुपात आईनं मोरपंखी रेशमी ठेवलं, काठ चांगले रुंद. डावीकडच्यात सुती, चौकडीचं. उजवं थोरलीचं, डावं धाकटीचं. क्षमाच्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय रस्त्यावर सापडले होते, असं तिला आईला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. सकाळी सुपं बदलली.

अक्का आली, गौरीपुढे बसली, उजवीकडचं सूप पदराखाली घेऊन आईच्या पाया पडली. क्षमानं डावीकडचं घेतलं. बसमध्ये सगळा रस्ता ती ते मांडीवर घट्ट धरून बसली होती.

येलहंक्याला देवापुढे दोरा सुटला आणि सासूबाईंचे डोळे विस्फारले. त्यांनी रेशमावरून हात फिरवला. “तुझ्या आईनं यंदा बरीच माया केली हो,” त्या म्हणाल्या. हेच ऐकायला क्षमाचे कान आसुसले होते. तरी त्या रात्री ती भरल्या ताटावरून उठली. तिकडे बंगल्यातही दोरा सुटला असेल. आता आईला कळणार, अक्काला कळणार, आणि आपलं तोंड काळं होणार.

दुसऱ्या दिवशी गणपती. हट्टानं ती तेच रेशमी नेसली. संध्याकाळी दाराशी मोटार थांबली.

अक्का एकटीच उतरली. अंगावर चौकडीचं सुती लुगडं होतं. डोळे सुजलेले होते.

“गणपती बघायला आले,” अक्का म्हणाली. “स्वल्प पाणी दे गं.”

पाणी पिऊन तिनं क्षमाकडे नीट पाहिलं. “मोरपंखी तुला शोभतं. मी निवडताना माझ्या रंगाचा विचार केला होता.”

“तू निवडताना?”

“मग काय आई निवडणार? आमच्याकडे बागिन चारचौघींत उघडतात. माहेरून भारी आलं नाही, तर वर्षभर पानावर बसलं की ऐकवतात. आईला कुठलं परवडायला? म्हणून मी घरखर्चातून वाचवून लुगडं घेते, गुपचूप तिच्याकडे पोचवते आणि गौरीच्या दिवशी तिच्या हातून परत आणते. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.”

“आणि काल?” क्षमानं विचारलं.

“काल सगळ्यांसमोर हे निघालं. सासूबाई बोलल्या, जावा हसल्या. मी आत जाऊन दार लावलं आणि पोटभर रडले. मग हेच नेसले. आई उन्हाळाभर सांडगे-पापड करून विकते ना, त्यातून तुझ्यासाठी घेते हे.”

क्षमा रडायलाच लागली. “अक्का, चुकले मी. मुद्दाम केलं. थांब, आत्ता बदलते. तुझं तू घेऊन जा.”

तिनं अक्काच्या पदराला हात घातला. अक्कानं झटक्यात पदर मागे ओढला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला.

“रेशमी तूच ठेव. हे मी देणार नाही,” ती म्हणाली. “इतकी वर्षं तुझ्या सुपाकडे बघून मी जळत आलेय, क्षमे.”