सहा नवे सेल

नव्या कोऱ्या सहा सेलांचे मिळून नऊ व्होल्ट भरले, तरी रेडिओ घसा बसल्यासारखाच बोलत होता. त्याने बटण शेवटपर्यंत पिळलं. बातम्या देणारी बाई शेजारच्या घरात असल्यासारखी पुटपुटत राहिली.

"कोणी गळा दाबलाय का तुझा?" तो रेडिओवरच खेकसला.

वडिलांच्या वेळचा, लाकडी पेटीचा रेडिओ. महिनाभर तो त्याच्यामागे हात धुऊन लागला होता. सेल तीनदा बदलले. स्प्रिंगांवरचा हिरवा गंज पॉलिशपेपरने घासून काढला. आज चालू रेडिओला मीटर लावून पाहिला, तर काटा आठाच्या पुढेच. म्हणजे सेल बिचारे निर्दोष. दुकानदाराने तर हातच जोडले होते, शोभेला ठेवा म्हणाला होता. आणि बायकोचं एकच पालुपद, आहे तेवढा आवाज पुरे. आतल्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली, तिचाही आवाज गेल्यातच जमा. घरात मोठ्याने बोलणारं कोणी उरलंच नव्हतं.

वैतागून त्याने मागची फळी काढली, स्पीकरचे स्क्रू सोडवले. स्पीकर सुटला आणि जाळीमागून एक चपटी गादी बाहेर आली. जुन्या टॉवेलच्या चार घड्या, कडेने बारीक टाके. असले टाके त्याच्या प्रत्येक सदऱ्याला होते.

गादी टेबलावर ठेवून त्याने स्पीकर परत बसवला, बटण फिरवलं. घर दणाणलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. तिने गादी पाहिली. तो तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

"मागच्या महिन्यात आई पलंगावरून पडल्या, तेव्हा तुम्ही इथे बातम्या ऐकत बसला होता. तुम्हालाच हाका मारत होत्या त्या."

त्याने रेडिओ बंद केला.

आतून हाक येत होती. बारीक, तुटक. "बारक्या... बारक्या..." साठी उलटल्यावरही त्याला या नावाने हाक मारणारी ती एकटीच. केव्हापासून मारत होती, कोण जाणे. हातातल्या स्क्रूड्रायव्हरसकट तो आत धावला आणि तिच्या तोंडाशी कान नेला.

"बंद का केलास रे?" आई म्हणाली. "आज कुठे नीट ऐकू आला."

उंबरठ्यावरच्या बायकोला ते ऐकू गेलं नाही. "काय हवंय त्यांना?" तिने विचारलं.

तो बाहेर गेला आणि रेडिओ होता तसा, मागून उघडाच, दोन्ही हातांनी उचलून आत घेऊन आला. बायकोने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग आईच्या उशाजवळच्या स्टुलावरून औषधाच्या बाटल्या एकेक करून खाली उतरवू लागली.