पंधरावी मेणबत्ती

हवानातल्या गल्लीत याइमाच्या आजोबांची सत्तर वर्षांची बिनटपाची मोटार आ वासून उभी होती. मायामीच्या मामाने बॅगेत दडवून इंजिनासाठी नवा पंप आणला, पण जुना काढताना बोल्ट इंजिनातच तुटला. “उद्या याइमाच्या पंधराव्या वाढदिवसाची मिरवणूक गाढवावरून!” शेजारीण खिदळली. “तुम्हालाच जुंपू, मावशी!” याइमा म्हणाली. आजोबांनी ड्रिल उचललं. याइमाने ते अडवलं. “थांबा, इंजिन फुटेल. बोल्ट तापवा, मी मेण पाजते!” सोहळ्यासाठी आणलेल्या पंधरा मेणबत्त्यांतली एक तिने पळवली. “आई सोलून काढेल तुला!” आजोबा म्हणाले. लालभडक बोल्टवरून मेण आट्यांत झिरपलं. तिने बाहेर उरलेलं टोक पकडीने पिरगाळलं, हलेना. पुन्हा जाळ, पुन्हा मेण. नवव्यांदा बोल्ट करकरत फिरला! दुसऱ्या दिवशी मोटारीतून मिरवून आल्यावर तिने रिवाजाप्रमाणे एकेका जिवलगाला एकेक मेणबत्ती दिली. आजोबांना काळवंडलेलं थोटूक मिळालं. ग्रीजचा वास हुंगून मगच त्यांनी ते पेटवलं.