कोरडा पंधरवडा

पाहुण्या तज्ज्ञानं पंधरा वर्षं मुरवलेली सिगार पेटवली, तेव्हा नवऱ्याची टकळी जोरात सुरू होती. "लेकरासारखी सांभाळलीय हो मी! पेटी एकदाही कोरडी पडू दिली नाही."

कप उचलता उचलता बायकोला हसू आवरेना. सिगार सुकू नये म्हणून पेटीतला स्पंज दर चार दिवसांनी ओला करावा लागतो, एवढंही या गृहस्थाला ठाऊक नसेल. ते काम पहिल्या दिवसापासून तिच्याच गळ्यात पडलं होतं.

तज्ज्ञानं धूर तोंडात घोळवला, राख निरखली आणि नाक मुरडलं. "सुरुवात झकास आहे, पण पुढे जीभ पोळते. राग मानू नका, ही पेटी एकदा चांगली पंधरवडाभर कोरडी पडलीय."

नवरा पाहुण्यादेखत तिच्यावर उखडला. "एवढंसं काम, तेही धड जमलं नाही! तेव्हा कुठं उंडारायला गेली होतीस?"

"दवाखान्यात होते," ती शांतपणे म्हणाली. "ऑपरेशन झालं होतं ना."

नवऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"कुणाचं?"