हिरवे ठिपके

गाइड सरांच्या अक्षरातला ‘अपडेट करू नये’ हा कागद लेझर मायक्रोस्कोपच्या कॉम्प्युटरवर सहा वर्षं चिकटलेला होता. सर रजेवर असताना कंपनीचा इंजिनिअर आला, तेव्हा मृणालने तो सोलून काढला आणि नवं सॉफ्टवेअर टाकून घेतलं.

मग तिने कालचीच स्लाइड पुन्हा लावली. पेशी लख्ख दिसल्या, पण तिची सगळी पीएचडी ज्यांच्यावर उभी होती, ते हिरवे ठिपके कुठेच नव्हते.

“ती जुन्या सॉफ्टवेअरची चूक होती, मॅडम. आता काढलीय,” इंजिनिअर सहज म्हणाला.

तिने सरांना फोन लावून कसंबसं सांगितलं.

“तो कागद उगाच नव्हता लावला मी,” सर हळू आवाजात म्हणाले. “आणखी कोणी पाहिलंय?”