सीटखालचा ट्रॅकर

ती जुनी, दुर्मिळ गाडी त्याने तळहाताच्या फोडासारखी जपली होती. सीटखाली जीपीएस ट्रॅकर लपवला, तरी जिवाला घोर होताच. बायको म्हणायची, "एकदा समुद्रावर जाऊन येऊ या की हो." त्याचं ठरलेलं उत्तर, "आणि तिथून कुणी पळवली म्हणजे?"

बायकोने अंथरूण धरलं, तेव्हा कुठे त्याने गाडी विकली. ट्रॅकर मात्र काढायचा राहूनच गेला.

आज सहज त्याने मोबाइल उघडला, तर नकाशावरचा ठिपका घाट उतरून निळ्या रंगाच्या कडेला जाऊन थांबला होता. त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला.

"बघ, आपली गाडी समुद्रावर पोचली."

तिने त्या ठिपक्याशेजारी बोट टेकवलं.

"शेजारच्या सीटवर कोण बसलंय, ते दिसतं का हो यात?"