खाली ठेवलेला पेला

अबू शिबलीने कॉफीचा पेला ओठांना न लावताच खाली ठेवला, तशी तंबूतली बडबड थांबली. पाहुण्याने पेला खाली ठेवला म्हणजे तो काहीतरी मागायला आलाय. मागणं मान्य होईपर्यंत तो कॉफी पिणार नाही, आणि न पिता उठून गेला तर यजमानाची अब्रू गेली.

"बोला!" बाहेर विहिरीवरच्या पंपाच्या धडधडाटात यजमान अबू नायफला ओरडावं लागलं. "उंटीण मागा, देतो. पोरगी तेवढी मागू नका, शेवटची गेल्या वर्षीच उजवली."

अबू शिबलीबरोबर गावातून आलेले दोघे म्हातारे हसले. अबू शिबलीला हसू आलं नाही.

"तुमची विहीर बंद करा. अझरकचं तळं आटत चाललंय. उरलेसुरले मासे एका डबक्यात गोळा झालेत. ते गेले, की संपलं सगळं."

बोलता बोलता त्याचे कान तापले. इथून जवळच, आपल्या ऑलिव्हच्या झाडांआड त्याची स्वतःची चोरटी विहीर होती, त्याच पाण्यावरची. निघताना पंप बंद करावा असं मनात आलं होतं. पण झाडांनी माना टाकल्या होत्या, आणि अबू नायफच्या या धुडापुढे त्याचा छोटा पंप आजवर कुणाला ऐकू आला नव्हता. गावाने त्यालाच पुढे घातलं, कारण त्याच्या शब्दाला वजन होतं. त्या वजनाचीच आता त्याला लाज वाटत होती. वर हा बेरकी माणूस आज-उद्या करत उन्हाळा काढणार, हेही त्याने धरूनच ठेवलं होतं.

अबू नायफ समोरच्या हिरव्यागार लसूणघासाकडे बघत राहिला. त्याची सगळी मेंढरं त्यावरच जगत होती.

"कॉफी प्या," शेवटी तो म्हणाला. "दिलं."

आणि उठून स्वतःच विहिरीकडे गेला. पंपाने दोन आचके दिले आणि तो बंद झाला.

अबू शिबलीने पेला उचलला. सगळं माळरान एकदम गप्प झालं होतं. त्यात ऑलिव्हच्या झाडांमागून बारीक टकटक ऐकू येऊ लागली. दोघे म्हातारे सतरंजीकडे बघत बसले.

अबू नायफ परतला, तंबूच्या तोंडाशी थबकला. कान देऊन त्याने ऐकलं. मग येऊन बसला, स्वतःसाठी कॉफी ओतली, आणि ओठांना न लावताच पेला अबू शिबलीसमोर खाली ठेवला.